पाठीवर पिशवी, खांद्यावर बंदूक : राखणीला जाताना एवढं सांभाळा

भात पोटरीला आलं की आमच्या सिंधुदुर्गातल्या वाड्यांमध्ये राखणीची तयारी सुरू होते. संध्याकाळचं जेवण लवकर उरकायचं, डबा, पाणी, बॅटरी, कांबळं घ्यायचं आणि मळ्यातल्या मांगराकडे निघायचं. ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे ते सोबत बंदूक घेतात. पहाटे घरी येईपर्यंत खांदा आखडलेला असतो, मान धरलेली असते. 'डुकरांपेक्षा ह्या ओझ्याचोच त्रास जास्त' असं आमचे शेजारी म्हणतात, ते काही खोटं नाही.

पण विषय खांदा दुखण्यापुरता नाही. पाठीवर सामान आणि त्यात बंदूक, असा माणूस अंधारात गडगा ओलांडतो तेव्हा काय होऊ शकतं, हे मी स्वतः बघितलंय. माझ्या डाव्या पायाच्या पोटरीत आजही दोन छरे आहेत. डॉक्टर म्हणाले राहू देत, म्हणून राहिलेत. हाताने चाचपलं की लागतात.

तेव्हा मी बारावी होऊन घरच्या शेतीत उतरलो होतो. काकांच्या मागून राखणीला निघालो. बंदूक काकांची, परवाना काकांचा. हातात कंदील आणि कोयती असल्यामुळे त्यांनी भरलेली ठासणीची बंदूक पाठीवरच्या पिशवीला आडवी बांधली होती, सुंभाने. गडग्यावर चढून पलीकडे पाय टाकताना ते वाकले, सुंभ सरकला आणि बंदूक दस्त्यावर न पडता घोड्यावर आपटली. बार उडाला. बहुतेक सगळे छरे जांभ्या दगडात गेले, थोडे माझ्या पायात. मी दोन हात पुढे असतो तर हा लेख लिहायला उरलो नसतो.

काका बेपर्वा माणूस नव्हते. तीस वर्षं बंदूक वापरलेली. चूक नेमबाजीत झाली नाही, बंदूक नेण्याच्या पद्धतीत झाली. आणि ती पद्धत आजही कितीतरी जणांची आहे. म्हणून हा लेख.

आधी बंदूक कसली ते समजून घ्या

सिनेमात दिसते ती रायफल आणि आपल्याकडची बंदूक वेगळी. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, आपल्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. शस्त्र कायदा 1959 मध्ये शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच धरलेली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. त्यामुळे गावात दोनच प्रकार जास्त दिसतात. एक ठासणीची, दुसरी काडतुसाची बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी.

बारा बोअरचं वजन साधारण तीन किलो भरतं. तीन किलो हातात धरायला काही वाटत नाही. पण पाठीवर आधीच सात-आठ किलो सामान आणि वाट चढाची असेल, तर तेच तीन किलो एका खांद्यावर लोंबतात आणि माणूस एका अंगाला कलतो. कललेला माणूस शेवाळावर लवकर घसरतो. म्हणजे खांद्याचा आराम आणि जिवाची काळजी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

पहिला नियम : वाटेत बंदूक रिकामी

पुढचं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा. घरातून मांगरापर्यंत आणि मांगरातून घरापर्यंत बंदूक भरलेली नको.

काडतुसाच्या बंदुकीला हे सोपं आहे. नळी मोडून उघडायची, आत बोट घालून बघायचं, काडतुसं खिशात ठेवायची. अंधारात डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोट घाला. काडतुसं पिशवीच्या तळाशी सुट्टी टाकू नयेत. बॅटरीचे सेल, चावी, कोयती यांच्यात ती घासतात, ओली होतात. झाकणाचा छोटा डबा किंवा कमरेचा पट्टा बरा.

ठासणीच्या बंदुकीचं अवघड आहे, कारण एकदा दारू आणि छरे ठासले की सहज बाहेर काढता येत नाहीत. म्हणून बरेच जण संध्याकाळी घरीच ठासून निघतात. तसं करू नका. दारू, छरे, केपा वेगवेगळ्या सुक्या डब्यांत न्या आणि जागेवर पोचल्यावर, गरज असेल तरच भरा. रात्रभर वापरली गेली नाही, तर भरलेली बंदूक तशीच खांद्याला अडकवून घरी यायचं नाही. ती रिकामी करायची रीत जाणत्या माणसाकडून आधीच शिकून घ्यायची.

केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा मोठा गैरसमज. केप काढल्याने धोका कमी होतो, जात नाही. आत दारू आहे तोवर ती भरलेलीच.

ठासणीची बंदूक भरलेली की रिकामी हे ओळखायची जुनी युक्ती आहे. रिकाम्या नळीत गज पूर्ण खाली सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही शंका आली, तर केप काढून, तोंड आपल्यापासून बाजूला धरून गज सोडायचा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर आत काहीतरी आहे. घरात दोन पिढ्यांची बंदूक असेल तर ही खूण आजच करून ठेवा.

आपटल्यावर बार का उडतो तेही सांगतो. जुन्या बंदुकीत घोडा खाली असला की तो थेट केपेला टेकलेला असतो. घोड्याच्या पाठीवर दगडाचा दणका बसला की तोच दणका केपेला जातो. चापाला बोट लागायची गरजच नाही. काही जण घोडा अर्धा ओढून ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण आतली खाच झिजलेली असेल तर अर्धा घोडाही निसटतो. आपल्याकडच्या बंदुका आजोबांच्या काळच्या आहेत, झीज धरूनच चाला.

पिशवी कशी भरायची

राखणीच्या सामानात सगळ्यात जड काय? पाणी. दोन लिटर म्हणजे दोन किलो. त्यानंतर डबा आणि कांबळं. बहुतेक जण कांबळं पाठीकडे आणि पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात ठेवतात. उलट करा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या फळ्यांमध्ये येईल अशी ठेवा. हलकी आणि फुगीर वस्तू बाहेर किंवा तळाला. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की पिशवी मागे ओढते, माणूस पुढे वाकून चालतो आणि वाकला की खांद्यावरची बंदूक पुढे घसरते.

पिशवी दोन पट्ट्यांचीच घ्या. एका खांद्यावरची शबनम आणि दुसऱ्या खांद्यावर बंदूक हे बरोबरीचं वाटतं, पण दोन्ही सारख्या घसरत राहतात आणि हात ते सावरण्यातच जातात. पिशवीला कमरेचा पट्टा असेल तर तो आवळा. त्याने खांद्यावरचं बरंचसं वजन कमरेवर उतरतं. नसेल तर जुन्या पंचाची घडी करून पिशवीवरून पोटाशी गाठ मारली तरी पिशवी डुलायची थांबते.

पिशवी खांद्यापेक्षा रुंद नको आणि डोक्यापेक्षा उंच नको. रुंद पिशवीवर बंदूक टेकून तिचं तोंड बाहेर फेकलं जातं. कोयती पिशवीत न घालता कमरेच्या आकडीलाच असू दे. आणि बॅटरी हातात धरायची नाही, डोक्याला बांधायची घ्या. एक हात मोकळा झाला की अर्धी अडचण तिथेच संपते. काकांच्या हातात कंदील नसता, तर बंदूक पिशवीला बांधायची वेळच आली नसती.

पट्टा कुठला, कसा

बऱ्याच बंदुकांना आजही नायलॉनची दोरी बांधलेली दिसते. दोरी खांद्यात रुतते आणि ओली झाली की सरकते. पट्टा दोन इंच रुंद, कातडी किंवा जाड कापडी घ्यावा. जुन्या बंदुकीला पट्ट्याच्या कड्या नसतील तर गावातला चांभार दस्त्याला आणि नळीला बसणारे कातड्याचे फास करून देतो. नळीला भोक पाडू नका, डाग देऊ नका. नळी कमजोर झाली तर बार तुमच्याच तोंडावर फुटेल.

आता खरी कटकट. पिशवीचा पट्टा खांद्यावर आधीच आहे, त्यावर बंदुकीचा पट्टा टाकला की तो गुळगुळीत कापडावरून घसरून कोपरात येतो. दर वीस पावलांनी खांदा उडवून तो वर घ्यायचा. यावर उपाय साधा आहे. पिशवीच्या उजव्या पट्ट्यावर, खांद्याच्या टोकाकडे, कापडाची घट्ट गुंडाळी किंवा मोठी लाकडी गुंडी शिंप्याकडून शिवून घ्या. बंदुकीचा पट्टा गुंडीच्या आतल्या बाजूला, मानेकडे ठेवायचा. गुंडी त्याला बाहेर घसरू देत नाही आणि काढताना उचलला की लगेच निघतो. मी गेली काही वर्षं हेच वापरतो.

बंदूक अडकवायच्या तीन पद्धती आहेत. वाट बघून पद्धत निवडायची.

तोंड वर, खांद्यामागे : मोकळ्या वाटेला, कातळावर, सड्यावर ही चांगली. पण नळी डोक्याच्या वर जाते. काजूच्या बागेत फांद्या खाली असतात, नळी अडकते आणि माणूस मागे खेचला जातो.

तोंड खाली, खांद्यामागे : पावसात आणि झाडीत बरी. नळीत पाणी जात नाही, फांदीला अडकत नाही. मात्र बसताना किंवा उतारावर नळीचं तोंड मातीत रुतू शकतं, तिकडे लक्ष हवं.

पट्टा तिरका, छातीवरून : दोन्ही हात मोकळे हवेत तेव्हा. यात बंदूक पटकन काढता येत नाही आणि पिशवीबरोबर गुंतते. म्हणून फक्त रिकामी असताना आणि पट्टा पुरेसा लांब असेल तरच.

क्रमही ठरलेला ठेवा. घालताना आधी पिशवी, मग बंदूक. काढताना आधी बंदूक, मग पिशवी. उलट केलंत तर पिशवी काढताना बंदूक हिसडा खाऊन पडते.

पिशवीला बंदूक बांधू नका

वजनाला हे सगळ्यात सोपं वाटतं, म्हणून लोक करतात. पण पाठीला बांधलेल्या बंदुकीचं तोंड कुठे आहे ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही वाकलात की ते मागच्या माणसाच्या छातीकडे जातं. तुम्ही वळलात की शेजारच्याच्या डोक्यावरून फिरतं. सुंभ सैल झाला ते कळतही नाही. आमच्या काकांना कळलं नाही. बंदूक नेहमी अशी हवी की तिचं तोंड कुठे आहे हे मागे न बघता सांगता आलं पाहिजे आणि एका हाताने ती धरता आली पाहिजे.

गडगा, व्हाळ, साकव

आपल्याकडे सपाट वाट कुठे आहे? शंभर पावलांत एक गडगा, एक व्हाळ. प्रत्येक ठिकाणी थांबायचं.

दोघे असाल तर : बंदूक उघडून रिकामी असल्याची दोघांनीही खात्री करा. पहिला माणूस बंदुकीशिवाय पलीकडे जातो. दुसरा त्याला बंदूक दस्त्याकडून देतो, तोंड दोघांपासून बाजूला. मग दुसरा ओलांडतो. तोंडाकडून धरून बंदूक कधी ओढायची नाही. गडग्यावरचे बरेच अपघात अशा ओढण्यातच होतात, चापात काटकी अडकते आणि नळी ओढणाऱ्याच्या पोटाकडे असते.

एकटे असाल तर : बंदूक रिकामी करून, उघडी ठेवून गडग्याखालून किंवा बाजूच्या फटीतून पलीकडे जमिनीवर आडवी सरकवा, तोंड तुमच्याकडे नको. मग थोडं बाजूला जाऊन दुसऱ्या जागेवरून तुम्ही चढा. गडग्याला उभी टेकवून चढायचं नाही. सुटा दगड हलला की ती पडणार.

व्हाळातून जाताना बंदूक काठीसारखी टेकवू नका. तोंड चिखलात जातं आणि नळी बंद होते. आधाराला काठी वेगळी घ्या, ती सापालाही उपयोगी पडते. माळ्यावर चढताना बंदूक पाठीला लावून शिडी चढू नये. रिकामी बंदूक दोरीला बांधून, तोंड खाली ठेवून, वर गेल्यावर ओढून घ्या.

मागून चालणाऱ्याने चार-पाच हात अंतर ठेवावं. शेजारच्या मळ्यात कोण राखणीला आहे हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या आणि वाटेत हाळी घालत जा. झुडपात हललं म्हणजे डुक्करच असेल असं नाही. तिथे तुमच्यासारखाच दुसरा राखणदार असू शकतो.

पाऊस आणि गंज

परतीचा पाऊस राखणीच्याच दिवसांत येतो. ओली बंदूक पिशवीखाली किंवा प्लास्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवली की सकाळी तांबूस डाग दिसतात. पोचल्यावर सुक्या फडक्याने पुसा, घरी आल्यावर तेलाचा हात फिरवा. काळी दारू ओल धरते आणि उडाल्यावर मागे राहणारी काजळी लोखंड खाते, म्हणून ठासणीची नळी वापरल्यावर धुऊन, सुकवून, तेल लावूनच ठेवायची.

भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळी बघा. काडतुसाची बंदूक उघडून मागच्या बाजूने प्रकाशाकडे धरली की आरपार दिसतं. चिखलाचा गोळा, गांधीलमाशीचं घर, काहीही अडकलेलं असेल तर नळी फुटू शकते. नळीच्या तोंडातून आत डोकावायचं मात्र नाही, रिकामी असली तरी.

रस्त्यावर आणि गाडीवर

घर ते मळा मध्ये डांबरी रस्ता लागत असेल किंवा निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायची असेल, तर ती उघडी न्यायची नाही. शस्त्र नियम 2016 नुसार सार्वजनिक जागी बंदूक तिच्यासाठी केलेल्या आवरणात, पूर्ण झाकून आणि ताब्यात ठेवून न्यावी लागते. जाड कापडाची लांब पिशवी शिवून घ्या, दोन बाजूंना बंद. मोटारसायकलवर ती हँडलला आडवी बांधू नका, वळणावर अडकते. मागे बसलेल्या माणसाने दोन्ही हातांत धरावी हे बरं. काडतुसं वेगळी, परवाना सोबत.

परवान्यावर जे क्षेत्र लिहिलंय तेवढ्यातच बंदूक. ज्याचं नाव परवान्यावर नाही त्याच्या हातात ती देऊ नका, मग तो मुलगा असो की जावई. वर सांगितलेलं देणं-घेणंसुद्धा परवानाधारक समोर असतानाचं, पलीकडे जाण्यापुरतं. ते टाळता आलं तर एकट्याची रीतच वापरा.

आणि हेही स्पष्ट सांगतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. रानडुक्कर, गवा, सांबर, भेकर हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 खाली येतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारले तर गुन्हा आहे. डोडामार्गाकडे हत्ती आला तर बंदूक बाहेर काढूच नका, वनखात्याला फोन करा. लग्न-वरातीत बार काढणंही बंद करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पिकाचं नुकसान झालं तर फोटो काढून वनखात्याकडे लगेच अर्ज करा, पंचनामा करून घ्या. रात्रीच्या एका बारापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त.

मांगरात पोचल्यावर

बंदूक आधी उतरवा, उघडा, पुन्हा बोट घालून बघा. भिंतीला उभी करू नका, कुत्रा किंवा माणूस लागून पडते. दोन खुंट्यांवर आडवी, उंच ठेवा. सोबत मुलगा आला असेल तर त्याला बंदूक नाही, बॅटरी द्या. आणि झोपताना बंदूक कांबळ्यात घेऊन झोपायची सवय असेल तर ती मोडा.

शेवटी एक करून बघा. राखण सुरू होण्यापूर्वी एका दुपारी, रिकाम्या बंदुकीने आणि भरलेल्या पिशवीने आपल्याच मळ्यात एक फेरी मारा. पट्टा कुठे सरकतो, नळी कुठे अडकते, कुठला गडगा वाईट आहे, ते उजेडातच कळेल. जिथे अडलं तिथला दगड नीट लावा, फांदी छाटा, पट्टा लांब-आखूड करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

काका त्या रात्रीनंतर बंदूक घेऊन राखणीला गेले नाहीत. गेले ते डबा बडवत आणि फटाके घेऊन. भात थोडं डुकरांनी खाल्लं, बरंचसं राहिलं. दर वर्षी नवं भात घरात आलं की ते माझ्या पायाकडे एकदा बघायचे, बोलायचे काही नाहीत. तुमच्या घरात असं कुणाला बघायची वेळ येऊ नये.